यमाचा हात धरणारे दिनकरराव

मंडळी, मला सांगा — मरण कुणाला हवं असतं? माना हलवताय! थांबा, आधी ऐका.

एका शहरात रस्त्यावरचा कलामहोत्सव भरला होता. अख्खा रस्ता गाड्यांना बंद! कुठं उंच काठ्यांवर चालणारे विदूषक, कुठं डांबरावर खडूनं काढलेली विहीर — इतकी हुबेहूब, की एक बाई पदर सावरून कडेनं गेल्या! हसू नका, तुम्हीही तसेच गेला असता.

त्या गर्दीत केरबा बहुरूपी. सोंग यमाचं! शिंगांचा मुकुट, हातात फास. जो दिसेल त्याला म्हणायचा, "चल, वेळ झाली!" पोरं किंचाळायची, माणसं फोटो काढून घ्यायची.

तिथं दिनकरराव आले, मुलासोबत. वय ऐंशीच्या घरात. मुलानं त्यांना यमाचा हात धरायला लावून फोटो काढला आणि म्हणाला, "बाबा, इथंच थांबा हं, मी विदूषक बघून येतो."

मुलगा गेला. पण दिनकररावांनी यमाचा हात सोडलाच नाही! हळूच म्हणाले, "यमराज, खरंच न्या मला."

केरबा चरकला. थट्टा नव्हती हो ती! डोळे भरले होते म्हाताऱ्याचे.

"आबा, असं का म्हणता?"

"ही गेली तेव्हापासून घरात माझ्याशी दोनच गोष्टी बोलतात. जेवलात का? गोळी घेतली का? हो म्हटलं, की दिवस संपला."

इतक्यात मंचावरून केरबाच्या नावाचा पुकारा झाला. त्याच्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा खेळ! केरबानं मंचाकडे पाहिलं, हातातल्या हाताकडे पाहिलं — आणि मुकुट काढून पदपथावर बसला.

"बसा आबा. आमच्या आजींचं सांगा."

मग काय! लग्नाआधी नदीच्या पुरात उडी मारून तिच्या भावाला कसं काढलं, ते सासऱ्यांनी बघितलं आणि तिथंच सोयरीक कशी ठरवली — दिनकरराव हात उडवत सांगत होते, केरबा खदखदून हसत होता.

मुलगा परतला. मागं उभा राहून ऐकत राहिला. "बाबा... मामाला तुम्ही वाचवलंत? मला कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी बसलास, बाळा?"

पोरगा इस्त्रीच्या कपड्यांनिशी रस्त्यावर मांडी घालून बसला. म्हणाला, "पहिल्यापासून सांगा."

तर मंडळी, मी आज इथंच आवरतो. आरती करू, प्रसाद घ्या, आणि पारावर गप्पा ठोकत थांबू नका. तुमच्या घरी कुणीतरी जागं असेल. जोडे काढा, आणि त्यांच्या खाटेवर जाऊन बसा!