कमरेचा पट्टा

सावेडीतल्या हाडांच्या दवाखान्यात अलिझा नंबर लावून बसली होती. शेजारी सोनईचं म्हातारं जोडपं होतं. डॉक्टरांनी दिलेला पट्टा बाई फौजेतून रिटायर झालेल्या नवऱ्याच्या कमरेला आवळत होती. अलिझाने मोबाईल खाली ठेवला.

"आवळ अजून. फौजेत शर्यतीच्या शिडाच्या होडीतला आमचा पट्टा याहून घट्ट हुता."

"होडीत कशाला पट्टा?"

"वाऱ्यानं होडी कलंडायची. मग डोलकाठीची तार पट्ट्याला अडकवायची, काठावर पाय रोवायचे अन् पान्यावर मागं रेलायचं. आपल्या वजनानं होडी सरळ."

"अगं बाई!"

"आधी विलायतेत नुसता गाठींचा दोर हुता. हातानं धरून लोंबकळायचे. मग कुनी हा पट्टा शोधून काढला, शर्यत मारली, अन् लगेच त्यावर बंदी."

"का?"

"जिंकले म्हनून. लई वर्सांनी उठली."

"आन् सुकानू कुनाकडं?"

"जोडीदाराकडं. त्याच्यावर भरवसा ठेवून रेलायचं."

"मी हितं एकटीनं पोरं वाढवली. पत्रात ह्यातलं कधी लिवलं न्हाई."

"हसली असतीस."

"म्हनले असते, मला न्या."

"आता न्यायला कंबर कुठं हाय माझी?"

अलिझाचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"कंबर कशाला लागती? तुमी सुकानू धरा. मी रेलते."