फुटक्या कानाचा कप

दुरुस्तीला टाकलेला फोन आणायला गेले, तर दुकानात माझ्यापुढे एक जोडपं लॅपटॉप निवडत उभं. मला ताटकळत ठेवणारा अजून जन्मायचाय, पण त्या दिवशी मी त्यांचं बोलणं ऐकत उभी राहिले.

"दादा, हलक्या प्रोसेसरचाच द्या. मला पुरेल."

"ताई, लग्नाचे व्हिडिओ कापायचे-जोडायचे म्हणता ना? हा दमेल. आणि प्रोसेसर काही नंतर बदलता येत नाही."

"ऐकलंस? जुना मध्येच बंद पडला म्हणून हातात आलेलं काम गेलं तुझं. वरचा घे."

"आणि तुमचा नवा चष्मा? तो कशातून करायचा?"

"चष्म्याचं मी बघतो."

"चष्म्याशिवाय काय बघणार, कपाळ?"

"घरात फुटक्या कानाचा कप तू घेतेस, करपलेलं तू खातेस. इथेही तेच चालवलंयस!"

"सवय झालीय हो."

"मग मोड ती."

"ताई, वरच्यातलाच एक आहे, काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला. झाकणावर ओरखडा पडलाय, म्हणून कुणी नेत नाही. हलक्याच्या भावात देतो."

"आतून कसा आहे?"

"आतून ठणठणीत. पाहिजे तर इथेच व्हिडिओ चालवून बघा."

बाईनं चालवला. तो कुठेही अडला नाही.

"द्या बांधून."

"घ्या! शेवटी फुटका कपच उचललास."

"असू दे. आज चहा तर कडक मिळाला!"