येशूबाळाचं अंथरूण

(लेक सुपीरियरच्या काठचं एक लहान गाव. नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारची दुपार, अर्लीनच्या घरचं स्वयंपाकघर. अर्लीन, तिची सून शेल्बी, आणि शेल्बीची सात वर्षांची मुलगी आयव्ही. आयव्हीचा धाकटा भाऊ ओवेन मागे झोपला आहे.)

शेल्बी : पाय वर काढू नकोस. राहू दे पाण्यात.

आयव्ही : आई, हे पाणी उकळतंय.

शेल्बी : नाही गं, कोमट आहे. बघ, माझा हात आहे ना आत? गारठलेल्या पायांना कोमट पाणीसुद्धा चटका देतं.

आयव्ही : सुया टोचतायत.

अर्लीन : टोचू देत. टोचतंय म्हणजे पाय जिवंत आहेत. माझा भाऊ गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला होता, त्याला काही टोचलं नाही. दोन बोटं कापावी लागली.

शेल्बी : अर्लीन, पोरीसमोर असलं नका सांगू.

अर्लीन : झालं ते सांगितलं. मी काही मनाचं नाही सांगत.

शेल्बी : आयव्ही, माझ्याकडे बघ. तू चर्चमधून घरापर्यंत नुसत्या मोज्यांवर आलीस? चार गल्ल्या? या बर्फातून?

आयव्ही : पाच. मी मोजल्या.

शेल्बी : आणि बूट?

आयव्ही : खोक्यात टाकले. चर्चच्या तळघरात गरिबांच्या कपड्यांचं खोकं आहे ना, त्यात.

शेल्बी : त्यात तुझा तोकडा झालेला स्वेटर टाकायचं ठरलं होतं आपलं.

आयव्ही : तो पण टाकला. पण फादर म्हणाले, नकोसं झालेलं देऊन टाकलं तर ते दान नाही. आपल्याला लागतं ते द्यायचं. मला बूट लागतात.

शेल्बी : अगं, फादर मोठ्या माणसांना सांगत होते.

आयव्ही : माझ्याकडे बघून म्हणाले. आणि मला दहा काड्या हव्या होत्या.

शेल्बी : दहा? एका चांगल्या कामाला गवताची एक काडी, असं आहे ना आपलं? गव्हाणीत रोज थोड्या थोड्या काड्या पडायच्या, म्हणजे नाताळपर्यंत येशूबाळाचं अंथरूण मऊ होईल. दहाची घाई कसली?

आयव्ही : रोज एक टाकून भरतच नाही.

शेल्बी : भरेल की. अजून दहा दिवस आहेत.

आयव्ही : नाही भरत, आई. मी एक टाकते आणि आजी दोन काढते.

शेल्बी : आजी काढते? कशाबद्दल?

आयव्ही : वाईट वागले की. दूध सांडलं तेव्हा एक. ओवेनला झोपेतून उठवलं तेव्हा दोन. कागदाची साखळी करताना मला जास्त लाल कागद पाहिजे म्हणून हट्ट केला, तेव्हा पण दोन. बाबांचा फोन कधी येणार विचारलं, त्याच्या तीन.

शेल्बी : फोनचं विचारल्याबद्दल तीन?

आयव्ही : दोनदा विचारलं ना.

शेल्बी : आणि ओवेनच्या किती काढल्या?

आयव्ही : त्याच्या नाही काढत. तो चार वर्षांचा आहे. त्याला पाप लागत नाही.

अर्लीन : सात पुरी झाली की लागतं. मी नाही म्हणत, चर्च म्हणतं. हिचा ऑक्टोबरात सातवा वाढदिवस झाला.

शेल्बी : मला हे कुणी सांगितलं का नाही?

आयव्ही : आजी म्हणाली, आईला सांगितलं तर ती चहाडी. चहाडीच्या पाच.

शेल्बी : बरं. आत्ता कुणी काही काढणार नाही, कळलं? आता सांग. तू बूट काढलेस तेव्हा आजी कुठे होती?

आयव्ही : वर कॉफी पीत होती, शेजारच्या मिसेस निस्कानेनबरोबर. मी गेले तिच्याकडे. म्हटलं, आजी, पाय गार पडले, बूट परत घेऊ?

शेल्बी : मग?

आयव्ही : आजी म्हणाली, घे की. पण दिलेलं परत घेतलं तर एकही काडी नाही.

शेल्बी : मग गाडीत का नाही बसलीस?

आयव्ही : बसत होते. आजी म्हणाली, गरिबांना गाडी कुठे असते? चालत गेलीस तर दहा, गाडीतून आलीस तर पाच. मग मी निघाले. रस्त्यात आजीची गाडी माझ्या शेजारून गेली. ओवेनने काचेतून हात हलवला. मी पण हलवला.

शेल्बी : गाडी थांबली नाही?

आयव्ही : हळू झाली होती.

शेल्बी : अर्लीन, जरा मागच्या खोलीत या.

अर्लीन : काय बोलायचं ते इथंच बोल. माझ्याच घरात मला इकडे ये, तिकडे ये कशाला?

शेल्बी : या म्हणते ना मी! आयव्ही, पाय आतच ठेव. मी आलेच.

अर्लीन : आले. आता दार कशाला आपटतेस? ओवेन झोपलाय.

शेल्बी : ओवेन झोपलाय. बरोबर. ओवेन गाडीतून आला, गरम दूध प्यायला आणि झोपला. आणि माझी मुलगी शून्याच्या खाली सात अंशांत मोज्यांवर चालत होती, आणि तुम्ही गाडी हळू करून बघितलंत.

अर्लीन : पडत नाही ना, ते बघितलं. पडली असती तर घेतलं असतं.

शेल्बी : मी सकाळी पाचपासून वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबत होते. पोरं तुमच्या भरवशावर टाकून.

अर्लीन : तीन महिने टाकते आहेस. कधी नाही म्हटलं?

शेल्बी : कशासाठी केलंत हे? काय बिघडवलंय तिने तुमचं? ती खेळ खेळत होती हो! चर्चने पत्रक वाटलं होतं, घरात लहान मुलं असतील तर बिनखर्चाने करायच्या चोवीस गोष्टी. यंदा दुकानातलं, रोज एक चॉकलेट निघणारं कॅलेंडर आणायची ऐपत नाही, म्हणून मी ते पत्रक फ्रिजवर लावलं. हँगर वाकवून त्याला देवदाराच्या फांद्या बांधल्या, चार रविवारांच्या चार मेणबत्त्या खोचल्या. किराण्याच्या लाल-पांढऱ्या कागदी पिशव्या कापून साखळी केली. बुटांच्या खोक्याची गव्हाण केली. एवढंच होतं हो पोरांकडे या डिसेंबरात. त्यातही तुम्ही हात घातलात.

अर्लीन : झालं तुझं रडगाणं? आता मी विचारते. त्या पत्रकात काय लिहिलं होतं? गव्हाण भरली की काय होतं?

शेल्बी : येशूबाळाला मऊ अंथरूण मिळतं.

अर्लीन : आणि तू पोरीला काय सांगितलंस?

शेल्बी : तेच.

अर्लीन : तेच नाही. मी इथंच उभी होते, बटाटे सोलत. गव्हाण काठोकाठ भरली की बाबा घरी येणार, असं सांगितलंस. ओवेनला कळलं नाही, हिला कळलं. त्या दिवसापासून पोरगी शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढते आहे.

शेल्बी : तेव्हा मला वाटत होतं तो येईल.

अर्लीन : आता वाटतं?

शेल्बी : त्याने तेल काढायच्या कामावर जाताना सांगितलं होतं, नाताळला येतो म्हणून.

अर्लीन : मी ते नाही विचारलं.

शेल्बी : नाही वाटत. पाच तारखेला त्याचा निरोप आला. फोनवर, दोन ओळींचा. तिकडे कुणीतरी आहे म्हणे. सही केल्यासारखं खाली आपलं नावही लिहिलं होतं, जसं काही मला कळलंच नसतं कुणाचा निरोप ते.

अर्लीन : मला नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणालाच कळलं. त्याने फोन केला, मी टर्की कापत होते.

शेल्बी : म्हणजे माझ्या आधी आठवडाभर? आणि तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात?

अर्लीन : तूही पाच तारखेपासून माझ्यासमोर बसून जेवते आहेसच की. कुणी कुणाला बोलायचं?

शेल्बी : मला वाटलं, नाताळ होऊन जाऊ दे. मग सांगेन.

अर्लीन : कसं सांगणार होतीस? पोरीने बर्फ ओढला, भांडी पुसली, मिसेस निस्कानेनला चित्रं काढून दिली. पहिल्याच आठवड्यात गव्हाण अर्धी झाली होती. तशीच सोडली असती तर वीस तारखेला भरली असती. मग चोवीसला गव्हाण भरलेली आणि दारात कुणी नाही. ती काय म्हणाली असती तेव्हा?

शेल्बी : म्हणाली असती, आईने खोटं सांगितलं.

अर्लीन : तुला काय म्हणाली असती ते म्हणाली असती. पण रसेलला काय म्हणाली असती? बाबांनी शब्द मोडला. बाबा खोटारडे. आणि तिच्या तोंडून ओवेननेही तेच उचललं असतं. माझ्या पोराला त्याच्याच घरात, त्याच्याच मुलाने खोटारडा म्हणायचं?

शेल्बी : म्हणून काड्या काढत होतात?

अर्लीन : भरली नाही की प्रश्न मिटला. बाबा का आले नाहीत? मी वाईट वागले म्हणून. झालं. कुणाचं नाव खराब नाही.

शेल्बी : तिचं?

अर्लीन : ती लहान आहे. विसरेल.

शेल्बी : अर्लीन, ती जन्मभर धरून बसेल हे. ती तशीच आहे, तुम्हाला माहीत आहे. तिचा बाप ती पोटात असताना गेला. तेव्हापासून जो माणूस घरात टिकेल त्याच्यासाठी ती जीव टाकते. रसेलला बाबा म्हणायला लागली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, घाई करते आहे पोरगी.

अर्लीन : करतच होती. त्याने कधी स्वतःहून बाबा म्हण असं सांगितलं नाही.

शेल्बी : तुम्ही तरी तिच्या आजी झालात का कधी?

अर्लीन : तो माझा आहे, शेल्बी. मी त्याला एकटीने वाढवलं. कसाही असला तरी माझा. ती माझी कोण?

शेल्बी : सात वर्षांची पोरगी आहे ती.

अर्लीन : असेल. जगात पुष्कळ आहेत. हे बघ, आता विषय निघालाच आहे तर ऐक. नाताळ होऊ दे, मी कुणाला सणात बाहेर काढत नाही. पण जानेवारीत तू तुझी सोय बघ. ओवेन इथं राहिला तरी चालेल. त्याची खोली आहे, आडनाव आहे.

शेल्बी : ओवेन माझ्या पोटचा आहे. आणि जानेवारी कशाला? माझ्याबरोबर काम करणाऱ्या डोलोरेसकडे गॅरेजवर एक खोली आहे. मी आत्ता तिला फोन करते. आज नाही जमलं तर उद्या सकाळी. दोघांना घेऊन.

अर्लीन : त्या खोलीला शेगडी नाही.

शेल्बी : नसू दे. आयव्हीला आता गारठ्याची सवय झाली आहे. तुम्हीच केलीत.

अर्लीन : टोमणे मारून घे. पण जाताना पोरीला काय सांगशील, ते आधी ठरव. अजून एक खोटं सांगणार असशील तर नीट सांग. मागचं फार कच्चं होतं.

शेल्बी : खरं सांगणार आहे.

अर्लीन : खरं? सात वर्षांच्या पोरीला? तू मला क्रूर म्हणतेस ना? जा, सांग. मीही बघते.

शेल्बी : तुम्ही इथंच थांबा. आयव्ही? दाखव बघू पाय. हं, लाल झाले. लाल झाले म्हणजे बरं आहे. अंगठा हलव. हा पण. शाब्बास.

आयव्ही : आजी रागावली? किती काढणार?

शेल्बी : एकही नाही. ऐक, राणी. तुला एक गोष्ट सांगायची आहे. बाबा नाताळला येणार नाहीत.

आयव्ही : अजून दहा दिवस आहेत. बुटांच्या दहा काड्या टाकल्या की बऱ्याच वर येतात. आज मी ओवेनला गोष्ट पण सांगणार आहे.

शेल्बी : गव्हाण भरली तरी नाही येणार.

आयव्ही : काठोकाठ भरली तरी?

शेल्बी : तरी. नंतरही नाही. त्यांनी तिकडेच राहायचं ठरवलं आहे. आणि ते तुझ्यामुळे नाही, अजिबात नाही. तू दूध सांडलं नसतंस, हट्ट केला नसतास, तरी ते आले नसते. काड्यांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तो नुसता खेळ होता.

आयव्ही : मग आजी खोटं बोलत होती?

शेल्बी : हो.

आयव्ही : आणि तू? तू म्हणालीस, भरली की येतील.

शेल्बी : मी पण खोटं बोलले. चुकलं माझं.

आयव्ही : दोघी खोटं बोललात.

शेल्बी : हो. आता नाही बोलणार. रडायचं असेल तर रड. ये, मांडीवर ये.

आयव्ही : नको.

शेल्बी : का गं?

आयव्ही : मला आजीचं खोटं पाहिजे.

शेल्बी : असं काय म्हणतेस? आजीने तुला इतकं...

आयव्ही : त्यात मी अजून चांगली वागले असते, तर बाबा आले असते.