बंद बारवेची पूजा

टाळ जरा थांबवा. आज एकच सवाल घेऊन उभा आहे मी — जिला आपण आई म्हणतो, तिचं तोंड सिमेंटनं बंद केलं आणि वर हळदकुंकू वाहिलं, तर ती पूजा झाली का? — माना हलवू नका मंडळी, एवढ्यात हलवू नका! आधी ऐका.

बेलोरी नावाचं शहर. नगरपालिका आहे, नळ आहेत — नळाला पाणी नवव्या दिवशी! आणि पावसाळ्यात? छपराछपरावरून धो धो गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून गावाबाहेर! आलेल्या पाहुण्याला हाकलायचं, आणि मग आठ महिने दारात बसून त्याचीच वाट बघायची! हसताय? तुमचा नळ कितव्या दिवशी येतो?

तिथल्या एका गल्लीत जुनी बारव. खोल, दगडी, पायऱ्यांची. कचरा पडतो म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी गल्लीनं तिच्यावर स्लॅब टाकला. पण आत साती आसरा ना! जलदेवता! त्यांना उपाशी कसं ठेवायचं? म्हणून स्लॅबला एक भोक ठेवलं — नारळ जाईल एवढं. भोवती उंच कठडा केला, का? तर पावसाचा थेंब आत जाऊ नये! नारळाला वाट ठेवली, पाण्याला नाही. असे आपण धार्मिक!

त्या गल्लीत मथुराबाई खरात. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरायच्या. "छपरांचं पाणी गाळून बारवेत सोडू. न्हाणीचं पाणी वाळू-कोळशातून, कर्दळीच्या वाफ्यातून साफ करू — झाडांना, संडासाला वापरू. प्यायचं तेवढं वाचेल."

गल्लीचे कारभारी रंगनाथराव गुरुजी. निवृत्त हेडमास्तर! ते म्हणाले, "बाई, न्हाणीचं पाणी पुन्हा घरात? आणि आसरांच्या डोक्यावर छपराची धूळ? विटाळ आहे हा! माझी सही मिळायची नाही." गुरुजींची नाही, म्हणजे गल्लीची नाही.

चैत्र लागला. गुरुजींची एकुलती लेक वैदेही माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली, गोड — पण वैदेहीला पान्हा फुटेना! वरच्या दुधानं लेकराचं भागेना, रडून रडून निळं पडायचं. बायका म्हणाल्या, विहीर पुजा. आपली रीतच आहे ना, बाळंतिणीनं विहीर पुजायची — तुझा झरा आटू नये, माझा पान्हा आटू नये!

बाराव्या दिवशी, भर दुपारी, पूजा मांडली. कुठं? स्लॅबवर! ऊन असं, की सावली पायाखाली दडलेली. पूजेची माणसं सोडली तर गल्लीत चिटपाखरू नाही. वैदेहीनं पहिला नारळ भोकात सोडला. खूप वेळानं, खालून — ठक्क. दगडावर. दुसरा — ठक्क. बायका मोजतायत. सहावा. सातवा. ठक्क. सात आसरांचे सात झाले. वैदेहीनं नमस्काराला तळवे स्लॅबवर टेकले...

आणि आठवा आवाज आला.

खालून नाही, मंडळी. हाताखालून. स्लॅबच्या आतल्या बाजूनं, कुणीतरी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा — टक्.

लेकराचं रडणं थांबलं. एकदम! ते त्या भोकाकडे बघत होतं.

"बाबा," वैदेही म्हणाली, "आत कुणीतरी आहे." मथुराबाई पुढं झाल्या. "गुरुजी, मला देवाभुताचं कळत नाही. कोरडी विहीर कळते. उघडा ती!"

गुरुजींनी स्वतः पहार घेतली. लेकीसाठी माणूस काय करत नाही! स्लॅब फुटला, ऊन आत गेलं... आणि सगळे मागं सरले. वरच्या पायरीवर, हाताच्या अंतरावर, नारळ! एकोणीस वर्षांचे. सात-सातच्या ओळीत, शेंड्या वर करून मांडलेले. एकही फुटलेला नाही. पडले होते पाच पुरुष खोल — वर आणले कुणी? मला विचारू नका! मी कीर्तनकार आहे, पंचनामा करणारा नव्हे. मला एवढंच दिसतं, की कुणीतरी सगळं परत केलं होतं. घेतलं काहीच नाही. आणि तळाशी ओलीचा वाससुद्धा नव्हता.

गुरुजी पायरीवर मटकन बसले. ढसाढसा रडले. "मी पाप केलं गं वैदे. तहानलेल्याला मी एकोणीस वर्षं नारळ चारले!"

त्याच संध्याकाळी सही झाली. मृगाच्या आत बावीस छपरांचे पाइप बारवेत उतरले. पहिला पाइप गुरुजींचा! त्यांच्या अंगणातली कर्दळ न्हाणीच्या पाण्यावर फोफावली. आणि पान्हा? मथुराबाई रोज यायच्या, तासातासाला लेकरू छातीशी धरायला लावायच्या, तांब्याभर पाणी पाजायच्या. पाचव्या दिवशी फुटला. आसरांनी दिला की मथुराबाईंनी — ज्याचं त्यानं ठरवावं. त्या पावसाळ्यात बारवेत अकरा पायऱ्या पाणी चढलं.

आता हलवा माना. हलवत नाही कुणी? का बरं?

मंडळी, मी दुपारीच आलो तुमच्या गावात. हा सभामंडप बघितला. देखणा आहे! फरशी गुळगुळीत. मी कोपऱ्यातल्या आबांना सहज विचारलं, "आबा, मंडपाआधी इथं काय होतं?" आबा नुसते माझ्या पायाखाली बघत राहिले.

आड होता ना इथं? तुमच्या आज्यांनी पुजलेला? आत्ता त्याच्यावर बसून मला म्हणता, बुवा, पावसासाठी कीर्तन करा!

उद्या येताना हार-फुलं आणू नका. पहारी आणा.