माजिवडा नाक्यावरचा डबा

पुरवणी जबाब देणार: क्षिप्रा श्रीपाद टेंबे, वय ३४ वर्षे, व्यवसाय महाविद्यालयात नोकरी, राहणार टिळकनगर, डोंबिवली पूर्व.

मी समक्ष हजर राहून सांगते की, गाड्यांच्या धुराची मोजणी करणारी स्वस्तातली यंत्रे मी बनवते. विकतची पेटी परवडेना, म्हणून आईचा, म्हणजे मंदाकिनी टेंबे यांचा, स्टीलचा जेवणाचा डबा घेतला. हवा आत जावी म्हणून त्याला भोके पाडली, आत सेन्सर बसवला आणि परवानगी घेऊन तो माजिवडा नाक्यावर खांबाला बांधला. डब्यावर आईचे नाव कोरलेले आहे.

सोमवारी डबा जागेवर दिसला नाही. मी तावातावाने या पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार दिली. पोलिसांनी कॅमेऱ्यात पाहून आवडाबाई नामा भोईर यांना आज बोलावले. त्या त्याच खांबाखाली सुकी मासळी विकतात. तक्रार कायम राहिली तर त्यांची बसायची जागा जाईल, असे त्यांचा मुलगा सुदेश याने मला बाहेर सांगितले.

आवडाबाईंना मी समोरासमोर विचारले. बांधलेली पट्टी तुटून डबा त्यांच्या पाटीत पडला होता. कोणी प्रवासी विसरला असे समजून त्यांनी तो धुवायला घरी नेला. आतली वस्तू मोबाइलचा तुकडा वाटल्याने तीही साबणाने धुतली. भोके सुदेशकडून बुजवून घेतली, "नायतर आमटी गलंल." मग दोन दिवस नाक्यावर येणाऱ्या बायकांना त्या विचारत होत्या, "मंदाकिनी कोन गं तुमच्यात?"

डबा त्यांनी माझ्या हातात दिला. आत सुकट होती. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "बाय, दुसऱ्याचा डबा रिकामा कसा द्यावाचा?"

सेन्सर निकामी झाला आहे. माझी बरीच मेहनत पाण्यात गेली. तरी मला आधी हसू आले आणि मग फार लाज वाटली. त्यांच्याच डोक्यावर महिनाभर धूर मोजत होते, पण त्यांना एका शब्दाने सांगितले नव्हते. माझी आवडाबाईंविरुद्ध कसलीही तक्रार नाही. आमच्या घरी मासळी चालत नाही, तरी सुकट मी घेतली आहे. आईला फोन केला. आता हाच डबा आवडाबाईंकडे जाईल, तेव्हा त्यात आईचे बेसनाचे लाडू असतील. यंत्रासाठी मी दुसरा डबा बघते.

जबाब वाचून दाखवताना आवडाबाईंनाही आत बोलावण्याची विनंती मी केली. हवालदारांनी तक्रारीवरून लिहिलेले 'डबा चोरून नेला' हे शब्द आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली. ते शब्द खोडून तेथे 'धुवायला घरी नेला' असे लिहून घेतले व पुन्हा वाचायला लावले. आता जबाब बरोबर आहे.