रुमालाची गाठ

...नाही, पण तुम्हीच सांगा, चांगला सॅटिनचा रुमाल, रात्री झोपताना स्वतःच्या हाताने डोक्याला बांधायचा, आणि सकाळी बघावं तर कुठे? पलंगाखाली! एकदा उशीच्या अभ्र्यात. एकदा तर ह्यांच्या पायात! अडकलेला हो, बांधलेला नव्हे. आणि माझ्या डोक्यावर काय? घरटं! नुसतं अंडी घालायचं बाकी! मी म्हटलं, रुमालच फसवा निघाला. तडक दुकानात गेले, म्हटलं, "काय हो, हा कसला माल देता? रातोरात सुटतो!" तर तो शहाणा रुमाल उलटासुलटा करून मलाच म्हणतो, "ताई, रुमाल कसा सुटेल? गाठ सुटते. गाठ काही आम्ही विकत नाही." ऐकलंत? गाठ सुटते म्हणे! माझी? अंगाचा नुसता तिळपापड झाला! अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून बांधतेय, सकाळी उठावं तर जिथल्या तिथे, एक बट बाहेर नाही. उगाच नाही सांगत, गाठ म्हणजे माझी गाठ!

आता तुम्ही म्हणाल, रात्री कोण बघतंय, कशाला हवी ही थेरं? सरळ केसवाले असंच म्हणणार. कुरळे केस ज्याच्या नशिबी आले त्यालाच ते कळतं. रात्रभर उशीवर घासतात, गुंततात, आणि सकाळी कंगवा घातला की तटातट तुटतात, हातात पुंजका! आमच्या आईने सासरी पाठवताना बाकी काही शिकवलं नाही, एवढंच म्हणाली, "डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय आडवी होऊ नकोस." आणि मी झाले नाही! ताप असो, भांडण असो, पाहुणे असोत, आधी रुमाल, मग उशी.

आणि फळ मिळालं की हो! मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. गिऱ्हाईक नवा चष्मा डोळ्यांवर चढवतं, मान वर करतं, आणि त्याला जगात पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते काय? माझे केस! "अय्या, केवढे हे केस!" "बाई, खरे का हो?" एक आजोबा तर आरशात बघायचं सोडून माझ्याकडेच बघत म्हणाले, "चष्मा झकास आहे, हाच द्या!" म्हणजे मालकाने मला खरं तर वेगळं कमिशन द्यायला हवं... जाऊ दे, तो कुठला देतोय!

सगळ्या गावाने पाहिले माझे केस. फक्त एका माणसाने नाही. आमच्या ह्यांनी!

ह्यांचं काम वर्तमानपत्राच्या डेपोत. छापून आलेले पेपर मोजायचे, गठ्ठे करायचे, सुतळीने बांधायचे आणि गाडीत टाकायचे. म्हणजे अख्खं जग झोपेत असताना हे घराबाहेर, आणि घरी येणार तेव्हा मी दुकानात. मी परत येऊन चार कामं आवरेपर्यंत ह्यांची झोपायची वेळ, आणि मग मी काय करणार? रुमाल बांधणार! म्हणजे ह्या माणसाने आयुष्यभर पाहिलं काय, तर फडकं! माझ्या सुटीच्या दिवशी म्हणाल, तर डोक्याला तेल लावून अंबाडा. आणि बोलतील म्हणाल, तर ते नावच नको. "हे केस कसे दिसतात हो?" विचारलं की, "हं." साडी कशी आहे? "हं." आग लागली घराला! "हं... कुठे?" लग्नानंतर एकदाच, अगदी सुरुवातीला, हे निघायच्या वेळी मला जाग आली, बघते तर रुमाल सुटलेला, केसांचा पार चोथा, मी रडले, आणि हे दारात चप्पल घालत उभे. तेव्हाही काय म्हणाले असतील? बरोबर. "हं."

मी मनात धरून ठेवलं हो ते. खोटं कशाला बोलू. सगळ्यांसाठी केस जपले, आणि ज्याच्यासाठी जपले त्याला त्याचं काही नाही! कित्येकदा फणकाऱ्याने दोन-दोन गाठी मारून भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांना पाठीकडूनही दिसला असेल तो रुमालच.

पण त्या रडण्यानंतर एक झालं. रुमाल कधी म्हणजे कधी सुटला नाही. मी म्हटलं, आता हात बसला! फक्त एक गंमत व्हायची. रात्री मी गाठ मारायची कपाळावर, आणि सकाळी ती असायची मानेवर. का? तर मी माझ्यापुरता शोध लावला की झोपेत आपण कूस बदलतो तसा रुमाल हळूहळू फिरतो! आणि रात्री मारलेली घट्ट गाठ सकाळी कशी, तर एक टोक ओढलं की सर्रकन मोकळी. मी म्हटलं, फिरून फिरून सैलावत असेल. दुकानात सगळ्यांना ऐकवलं हे शास्त्र. आमच्याकडे एक बॉबकटवाली आहे, डोळे तपासते, चांगली शिकलेली, तीसुद्धा ऐकून म्हणाली, "असेल बाई." गाठ म्हणजे माझी गाठ, कोण नाही म्हणणार?

आणि आता हे सगळं बिनसलं. कधीपासून? तर हे कामावरून घरी बसले तेव्हापासून. डेपोत यंत्र आलं, प्लास्टिकची पट्टी घालतं, खट्ट, झाला गठ्ठा. आणि ह्यांची बोटं तरी कुठे राहिली होती, सुतळी ओढून ओढून पार आखडलेली. तर हे आता रात्रभर घरात, सूर्य वर येईपर्यंत घोरतात, आणि तेव्हापासून माझा रुमाल सुटायला लागला. मला काय वाटलं? ह्यांच्या घोरण्याने सुटतो! हसू नका, पलंग हादरतो अक्षरशः! बॉबकटवालीला म्हटलं, थांब, तुला बांधून दाखवते, गाठ कशी टिकते बघ. बांधला. तिने मान हलवली, रुमाल खाली. पुन्हा बांधला. ती शिंकली, रुमाल खाली. ती म्हणाली, "रात्रभर टिकायचा ना हा?" मेलीने मुद्दाम शिंक काढली असेल, असं स्वतःला समजावत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात तणतणतेय, दूध तापतंय, हे समोर पेपर वाचताहेत. जन्मभर नुसते बांधले, आता कुठे उघडून बघताहेत आत काय असतं ते. मी म्हणतेय, कापड वाईट, दुकानदार लबाड, बॉबकटवाली शिंकरी, तुमचं घोरणं... तर पेपरामागून आवाज, "अगं, तो काही आता नाही सुटायला लागला."

"म्हणजे?"

"पहिल्यापासून सुटतो."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं?"

"मीच बांधायचो की. निघताना."

दूध उतू गेलं. जाऊ दिलं. तुम्हाला सांगते, जन्मात पहिल्यांदा दूध उतू जाताना मी नुसती बघत उभी राहिले. म्हटलं, "रोज?" तर म्हणाले, "रोज. एकदा सुटला होता तर रडली होतीस. म्हटलं, बांधून जावं."

मानेवरची गाठ! एक टोक ओढलं की सुटणारी! अहो, पेपरच्या गठ्ठ्याची गाठ ती! आणि मी बाई जगाला शास्त्र सांगत फिरतेय!

कसंबसं विचारलं, "मग माझे केस... पाहिलेत तुम्ही?" तर हा माणूस, ज्याला "हं"च्या पुढे शब्द माहीत नव्हता, तो पेपर बाजूला ठेवून म्हणतो, "न बघता कसे बांधणार? उशीभर पसरलेले असायचे. आधी सगळे गोळा करायला लागायचे. डाव्या बाजूचे जास्त दाट. आणि कानामागची पांढरी बट मला आधी दिसली होती. तुला सांगितलं नाही, उगीच हिरमुसली असतीस."

"मग उठवलं का नाही हो मला?"

"झोपली होतीस ना."

घ्या! झोपली होतीस ना! आता काय करू मी ह्या माणसाचं? शेजारच्यांची बादली वाजली तर उठून बसणारी मी, मांजराने भांड्यावरचं झाकण हलवलं तर धावणारी मी, आणि कुणीतरी रोज माझे केस उशीवरून गोळा करतंय तर मी ढाराढूर! एकदा, अहो एकदा तरी जाग यायची! डोळे मिटून पडून राहिले असते, कळूसुद्धा दिलं नसतं. इतकी वर्षं रागावून भिंतीकडे तोंड केलं, आणि ह्यांना गाठ मानेवर मारायला ते सोयीचंच पडत होतं! कुणाला सांगायचं हे?

त्या रात्री रुमाल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "बांधा." "आता? जागेपणी?" "हो, जागेपणी." त्यांच्याकडे पाठ करून बसले. केस गोळा केले त्यांनी, डावीकडचे आधी. पण गाठ काही जमेना हो. टोक हातातून निसटायचं. बोटं वळतच नव्हती. एकदा झालं, दोनदा झालं, मग म्हणाले, "तू हलतेस." मी कुठली हलतेय, खांदे हलत होते. शेवटी कशीबशी अडकवली. विचारतात, "घट्ट आहे ना?" मी म्हटलं, "एकदम घट्ट!" आणि उशीला डोकं टेकलं तर गेली सुटून. पुन्हा बांधायला हात वर गेला होता माझा, तसाच खाली घेतला.

आता रोज तेच. रोज हे बांधतात, रोज ती सुटते, रोज सकाळी विचारतात, "राहिली का?" आणि मी रुमाल पदराखाली लपवून म्हणते, "राहिली की!" इतकं जपलेलं धन, आता कंगव्यात पुंजके येताहेत. काय करणार!

परवा दुकानात एकाने नवा चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं, काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणतो, "बाई, काच धूसर आहे का हो?" म्हटलं, "काच ठीक आहे, केसच तसे आहेत. रात्री रुमाल सुटतो." तर म्हणतो, "मग घट्ट बांधा की जरा!"

म्हटलं, "कशी बांधू हो? गाठ कुठे माझी आहे!"