शैलजाची लेखी परीक्षा

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेजवळच्या ड्रायव्हिंग लायसन्स ऑफिसात मृणालिनीकाकू आपला नंबर यायची वाट बघत होत्या. पुढच्या बाकावरच्या नवराबायकोचं मराठी कानावर पडलं आणि त्यांनी हातातलं मासिक मिटलं.

“शैलजा, तू टेस्ट स्पॅनिशमध्ये दिलीस?”

“हो. मशीननं भाषा विचारली, मी स्पॅनिश सिलेक्ट केलं.”

“अगं, अमेरिकेत आहोत आपण!”

“मग? या राज्याला ऑफिशियल भाषाच नाहीये, संग्राम. परवाच वाचलं मी.”

“पण इंग्लिश येतं ना तुला?”

“येतं, तरी दोनदा फेल झाले. मेक्सिकोत चार वर्षं तू ऑफिसात इंग्लिश बोलायचास. भाजीवाली, गॅसवाला, आपल्या इशिताची शाळा, सगळं मी स्पॅनिशमध्ये निभावलं.”

“आणि आजही फेल झालीस तर?”

“तर लायब्ररीचा जॉब गेला. तिकडे बसच जात नाही.”

काकूही आपला नंबर विसरून खिडकीकडे बघायला लागल्या.

खिडकीतून स्पॅनिश उच्चारात हाक आली, “शायलाहा!”

शैलजा धावली. खिडकीतली बाई भरभर स्पॅनिश बोलली, शैलजा त्याहून भरभर. मग कागद नाचवतच ती परतली.

“पन्नासपैकी एकोणपन्नास!”

“कमाल आहे यार! पण ती एवढं काय सांगत होती?”

“म्हणाली, गाडी शिकवताना नवरा ओरडला तर मला येऊन सांग.”

काकूंना हसू आवरेना. दोघांनी दचकून मागे पाहिलं.

“सॉरी हं,” काकू म्हणाल्या, “पण ओरडला तर मलाही सांग गं. मराठीत.”